आगबोटीची कुळकथा

'आगबोट' हा जोडशब्द आहे. त्यातली 'आग' संस्कृत 'अग्नी'पासून प्राकृतातून आलेली, तर 'बोट' इंग्रजांबरोबर बंदरात उतरलेली. इंग्रजीत या जहाजाला वाफेवरून नाव मिळाले. मराठी आणि गुजराती माणसाने ते आगीवरून ठेवले. हिंदीतही 'अगिनबोट' झाले. वाफ बंबात कोंडलेली असते, ती काठावरून दिसत नाही. दिसत होते ते उंच धुराडे, दिवसा निघणारा काळा लोट आणि रात्री उडणाऱ्या ठिणग्या. गलबत, मचवा, पडाव, फत्तेमारी ही सगळी वाऱ्याच्या भरवशावर चालणारी तारवे. हे एक मात्र वारा पडला तरी पुढे जात होते. नाव ठेवणाऱ्यांनी नेमके वर्म धरले, कारण आगबोटीचा सगळा इतिहास आगीचा आणि तिला घालायच्या कोळशाचा आहे.

१८०७ साली रॉबर्ट फुल्टनने हडसन नदीवर न्यूयॉर्क ते ऑल्बनी अशी आगबोट चालवून दाखवली आणि हा धंदा किफायतीचा आहे हे सिद्ध झाले. हिंदुस्थानात कलकत्त्याजवळच्या खिदिरपूरला १८२३ मध्ये 'डायना' तयार झाली. दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारने ती ब्रह्मदेशाच्या लढाईत इरावतीवर नेली. नदीत काठाने लाकूडफाटा मिळतो, समुद्रात मिळत नाही. १८२५ साली 'एंटरप्राइज' इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून कलकत्त्याला निघाली. तिला ११३ दिवस लागले आणि त्यांतले कितीतरी दिवस ती शिडांवर चालली. चांगले शिडाचे जहाजही साधारण तेवढ्याच दिवसांत येत असे.

मुंबईची गोदी तोवर सागवानी जहाजांसाठी नावाजलेली होती. अठराव्या शतकात सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने ती नावारूपाला आणली. १८१७ मध्ये इथे बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ फ्रिगेट आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. याच गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी बांधलेली ४११ टनांची 'ह्यू लिंडसे' १८२९ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. सांगाडा मुंबईचा, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने विलायतेची. दोन्ही कुशींना मोठी वल्हेरी चाके होती आणि वाफ पुरली नाही तर म्हणून वर शिडेही होती.

बोट बांधली गेली ती साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी. मुंबई ते एडन हे अंतर मात्र अकरा दिवसांचे. २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन तिला घेऊन निघाला, तेव्हा उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला होता आणि ती त्या भाराने पाण्यात खोल बसली होती. एडनला पोचली तेव्हा कोठारात काही तासांपुरताच कोळसा उरला होता. पुढे जिद्दा आणि कुसैर इथे पुन्हा कोळसा घेत २२ एप्रिलला तिने सुएझ गाठले. प्रवास सुमारे ३३ दिवसांचा, पण प्रत्यक्ष चालण्यात जेमतेम २१ गेले. बाकीचे कोळसा भरण्यात. तरीही मुंबईचे टपाल तांबड्या समुद्रातून विलायतेला धाडता येते हे या एका फेरीने ठरले, आणि मुंबईच्या इतिहासात हा प्रवास फार मोलाचा आहे.

त्याच प्रवासाने एडनचे भवितव्यही ठरवले. वाटेत कोळशाचे कोठार हवे होते. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या मोहिमेने एडन काबीज केले आणि पुढे जवळजवळ शतकभर त्याचा कारभार हिंदुस्थानातून चालला. 

वाडियांच्याच घरातले अर्देशीर कर्सेटजी इंजिनांकडे वळले. त्यांनी 'इंडस' नावाची छोटी आगबोट बांधली, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवले, आणि हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले. 

बोटीच्या पोटात जे चालत असे त्याची आठवण खलाशांच्या बोलीत राहिली. भट्टीत कोळसा टाकणारा तो 'आगवाला', कोठारातून कोळसा ओढून आणणारा 'कोयलावाला', यंत्रांना तेल घालणारा 'तेलवाला'. त्यांच्यावर तांडेल आणि सर्वांवर सारंग. आगवाल्याचे काम नुसते फावडे मारण्याचे नव्हते. आग सारखी पसरली पाहिजे, राख वेळच्या वेळी ओढली पाहिजे. एका बाजूला ती दबली की वाफ पडे. सुरुवातीच्या बंबांत समुद्राचेच पाणी घालत, त्यामुळे आतून मिठाचा थर धरे आणि बंब थंड करून तो खरवडावा लागे. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि स्वयंपाक-वाढपात गोवेकर असत. या माणसांची नावे इतिहासात फारशी आली नाहीत, ही उणीव आहे.

पुढे वल्हेरी चाके जाऊन मागे पंखा आला, लाकडाऐवजी लोखंड आले, कमी कोळशात जास्त चालणारी इंजिने निघाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. त्याआधीच, १८५३ साली, मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली होती. तिला 'आगगाडी' म्हणायला मराठीत नमुना तयार होता.

कोकणाला आगबोट घरची झाली. रस्ते तुटपुंजे, मध्ये खाड्या, तेव्हा मुंबईचा चाकरमानी बोटीनेच गावी जाई. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही, काठावरून पडाव येत आणि लाटेबरोबर पडाव वर आला की तांडेलाच्या हाताला धरून त्यात उतरायचे. पोरे आणि गाठोडी आधी. हेलकाव्यांनी मळमळणे या अर्थाचा 'बोट लागणे' हा वाक्प्रचारही समुद्रावरचाच. गाडी लागणे, बस लागणे हे त्याच वळणाचे.

लोकांनी बोटींना नावेही आपल्या पद्धतीने दिली. १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात नाहीशी झालेली 'वैतरणा' विजेच्या दिव्यांमुळे गुजरातेत 'वीजळी' म्हणून ओळखली जाते. स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या सहकारी कंपनीला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींची नावे 'तुकाराम', 'रामदास' अशी संतांची होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. कंपनीचे नाव सिंदिया, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे.

१७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी मचव्यांत ओढून घेतले तेवढे थोडे वाचले. कोकणात या बोटीचे नाव अजून हळू आवाजात घेतले जाते.

नंतर डिझेल आले, भट्टी गेली, आगवाला गेला. रस्ते झाले तशी कोकणची बोटीने होणारी उतारू वाहतूकही मिटली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला मात्र आजही लाँच सुटते.