सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार आणि मंदावणारी स्मृती

बेळगावच्या खासबाग भागातील यंत्रमागावर ताण्याचा एखादा धागा तुटला, तरी कापड लगेच फाटत नाही. दोष दिसतो तो पुढे विणल्या गेलेल्या पोतात. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकारही असाच उशिरा लक्षात येतो.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के. मात्र शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के त्याला लागतो आणि साठवणुकीची सोय जवळपास नाही. म्हणून मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तेथील बारीक धमन्या तत्काळ रुंदावतात. रॉय आणि शेरिंग्टन यांनी 1890 मध्ये हे नाते मांडले. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने व मधुमेहाने या धमन्यांच्या भिंती जाड, ताठर होतात. धूम्रपान त्यात भर घालते. तंबाखू आणि विडीवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या निपाणी परिसराला हे वेगळे सांगावयास नको. ताठर धमनी गरजेच्या वेळी रुंदावत नाही. मेंदूच्या अंतर्भागातील श्वेतद्रव्याला याची झळ अधिक बसते, कारण तेथवर जाणाऱ्या लांब शाखांना पर्यायी वाटा फारशा नसतात. एमआरआय तपासणीत मग पांढरे डाग किंवा 15 मिलिमीटरपर्यंतच्या लहान पोकळ्या दिसतात.

अल्झायमरमध्ये ताजी आठवण बहुधा साठवलीच जात नाही. येथे ती असते, पण वर यायला वेळ लागतो. नातवाने पहिले अक्षर सुचवले की आजोबांना नाव आठवते. विचार मंदावतो, नेहमीचा हिशेब जुळेनासा होतो, पावले आखूड पडू लागतात. अनेकांत दोन्ही विकार एकत्रही असतात. घरात मात्र ‘वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो आणि रक्तदाब मोजायचाही राहून जातो.

अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वरचा रक्तदाब 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. स्मृतिभ्रंशातील घट निर्णायक ठरली नाही. चाचणीत मधुमेही नव्हते, शिवाय वृद्धांत रक्तदाब फार उतरल्यास भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. त्यामुळे गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

नष्ट झालेल्या पेशी औषधाने परत येत नाहीत. तेव्हा भार पडतो तो घरच्यांवर. गोव्यात 81 कुटुंबांवर झालेल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मार्गदर्शन केल्याने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसून आले.