तोड आली का?

नेरूळपासून खारघरपर्यंत व्यवस्थापनशास्त्र शिकवणारी बरीच महाविद्यालये आहेत. त्यांपैकी एकात मी शिकवतो. दरवर्षी हिवाळ्यात विद्यार्थी प्रकल्पाच्या प्रश्नावल्या घेऊन येतात. विषय बदलत जातो. कधी नेटबँकिंग, कधी यूपीआय, कधी किराणा मागवायचे ॲप. प्रश्न मात्र ठरलेले. याने तुमचे काम लवकर होते का? हे शिकायला सोपे वाटते का? एक ते सातपैकी एका आकड्यावर खूण करा. घराण्यातली बंदिश उतरावी तसे हे प्रश्न मार्गदर्शकाकडून विद्यार्थ्याकडे उतरत आले आहेत.

त्यांचे मूळ फ्रेड डेव्हिस यांच्या संशोधनात आहे. माणसे नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात, हा त्यांच्या एमआयटीतील १९८६ च्या प्रबंधाचा विषय. १९८९ मध्ये 'एमआयएस क्वार्टर्ली'त त्यांचा निबंध आला आणि या विद्याशाखेला एक मोजपट्टी मिळाली. उपयुक्तता आणि सोपेपणा या दोन गोष्टींसाठी प्रत्येकी सहा प्रश्न. दोन्हींत उपयुक्ततेचा वापराशी अधिक घट्ट संबंध आहे, असे त्यांना आढळले. गरज असेल तर माणूस अवघड यंत्रही शिकतो. या निष्कर्षामागे एकूण १५२ वापरकर्ते होते: ११२ आयबीएमच्या टोरांटो प्रयोगशाळेतले कर्मचारी आणि ४० बोस्टन विद्यापीठाचे एमबीएचे विद्यार्थी. एवढ्या लोकांवर घासूनपुसून घेतलेली पट्टी पुढे साऱ्या जगाला लावली गेली.

तिचा विस्तार ज्यांनी केला त्यांत विश्वनाथ वेंकटेश हे नाव ठळक आहे. मायकेल मॉरिस, गॉर्डन डेव्हिस आणि फ्रेड डेव्हिस (आडनाव एक, माणसे दोन) यांच्यासह २००३ मध्ये त्यांनी आठ वेगवेगळ्या सिद्धान्तांची मोट बांधली. अपेक्षित लाभ, अपेक्षित श्रम, भोवतालच्या लोकांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी असे चार घटक त्यात आले. वय, लिंग आणि अनुभव यांच्या जोडीला त्यांनी आणखी एक गोष्ट हिशेबात घेतली: वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा. मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते आणि आमच्या प्रश्नावल्यांतून नेमकी तीच गळते.

या शास्त्राची पाळेमुळे खरे तर शेतात आहेत. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी आयोवातल्या २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. बियाण्याची बातमी अनेकांना विक्रेत्याकडून कळली. विश्वास बसला तो शेजाऱ्याच्या सांगण्याने. नवकल्पनांच्या प्रसारावर १९६२ मध्ये ग्रंथ लिहिणारे एव्हरेट रॉजर्स त्याच आयोवातले. त्यांच्या वडिलांनी संकरित मका वर्षानुवर्षे नाकारला होता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचे पीक तगले, रॉजर्सांचे वाळले. त्या मक्याच्या रानातून निघालेला विषय पुढे कचेरीतल्या संगणकावर स्थिरावला आणि आपल्याकडे एका उसाच्या पट्ट्यात पुन्हा शेताला भिडला.

तो पट्टा वारणेचा. तात्यासाहेब कोरे यांनी वारणानगरला उभ्या केलेल्या सहकारी परिवारातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडायची, असा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह त्यात सामील होते. गावोगावी संगणककेंद्रे आली. इंटरनेट, बाजारभाव, शेतीसल्ला असे बरेच काही त्यांतून मिळेल, असा बोलबाला झाला.

ऊसकरी शेतकऱ्याचे प्रश्न याहून साधे असतात. लागणीची नोंद झाली का? तोड कधी मिळणार? काट्यावर वजन किती भरले? बिल कधी निघणार? तोड लांबली की उभा ऊस वाळतो, वजन घटते आणि रान मोकळे व्हायलाही उशीर होतो. वाशीच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडींत घाटावरची कुटुंबे पुष्कळ आहेत. त्या घरांतली मुले माझ्या वर्गात असतात, त्यामुळे 'तोड आली का?' या प्रश्नाचा अर्थ मला समजावून सांगावा लागत नाही.

मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी वारणेतली ही व्यवस्था तपासली. त्यांना तिच्यात अनेक अडचणी आढळल्या. मग सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाऐवजी मोबाइलवरचा एसएमएस वापरून पाहिला. संगणक करत होता ते सगळे काम एसएमएसने झाले. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक पसंत पडली. या प्रयोगाचे नाव 'वारणा अनवायर्ड'. संगणकाचे सारे काम एवढ्याशा निरोपात मावत असेल, तर इतकी वर्षे त्या संगणकांकडून प्रत्यक्षात किती काम घेतले जात होते, हे वेगळे सांगायला नको.

डेव्हिसच्या पट्टीने पाहिले तर हा उपयुक्ततेचा आणि सोपेपणाचा विजय. मला तो निम्माच हिशेब वाटतो. संगणक आणायचा निर्णय शेतकऱ्याचा नव्हता, काढायचाही नव्हता. दोन्ही वेळी दुसऱ्याने निवडलेले साधन त्याच्यापुढे आले. अशा वेळी 'तुम्हाला हे सोपे वाटते का?' या प्रश्नाला मिळालेले सातपैकी सहा गुण नेमके कशाचे?

वेंकटेश यांनी पुढे ट्रेसी साइक्स यांच्यासह भारतातल्या एका खेड्यातील २१० कुटुंबांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण कोणाशी बोलतो, कोणाचा सल्ला घेतो या नात्यांच्या जाळ्यावरून तंत्रज्ञानाचा वापर बराच उलगडतो, असे त्यात दिसले. प्रश्नावलीत एकटा बसवलेला माणूस तिथे आपल्या भावकीत परतला. टोयामांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात आणखी एक पाऊल टाकले. माणसांची कुवत आणि इच्छा असेल तेच तंत्रज्ञान वाढवते, जे मुळात नाही ते निर्माण करत नाही, असे ते म्हणतात. मला हे बरेचसे पटते, पूर्ण नाही. वजनाचा आकडा गाडी रिकामी होताच शेतकऱ्याच्या हाती पडला, तर वाद घालायला त्याच्याकडे निदान आकडा असतो, आणि काट्यावर बसलेल्यालाही ते ठाऊक असते.

असा एसएमएस आता अनेक कारखाने पाठवतात. तोडीच्या पाळीसाठी मात्र बऱ्याच गावांत अजून चिटबॉयच्या मागेच फिरावे लागते.