दास्तान फाटा, चिरनेर आणि एक नाव

आज १६ जानेवारी. दास्तान फाट्यावरून रोज ये-जा करणाऱ्या पोरांनो, आज दोन मिनिटं गाडी बाजूला घ्या.

१९८४ साली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील साहेबांच्या मागे आपली गावंच्या गावं उभी राहिली. पोलिसांच्या गोळीबारात चिर्ल्याचे नामदेव घरत, धुतूमचे रघुनाथ ठाकूर, पागोट्याचे कमळाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील गेले. १६ आणि १७, दोन दिवसांत पाच जण. माझी आजी साल कधी आकड्यात सांगायची नाही. "गोलीबाराचे वक्ताला" म्हणायची, की झालं!

साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली ती या पाच जणांच्या रक्तावर. ज्यांनी प्लॉट विकून बंगले बांधले त्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

आपल्याकडे लढ्याची तारीख बहुतेक वेळा दुखवट्याचीच असते. दिबा २४ जून २०१३ ला गेले. विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून सिडकोला घेराव घातला तोही २४ जूनलाच, २०२१ साली. त्याच विमानतळासाठी दहा गावं उठली. घरांबरोबर गावदेवीची देवळंही हलवावी लागली. घराचा मोबदला मोजता येतो हो, पण देवीच्या जागेचा कसा मोजणार?

आणखी मागे जा. २५ सप्टेंबर १९३०, चिरनेर. इंग्रजांचा जंगल कायदा मोडायला लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानात गेले. रान देवीच्या नावाचं आणि लाकूडफाटा सरकारचा, हे लोकांना पटणार कसं? गोळीबारात आठ जण गेले. त्यात एक नाव आहे नाग्या महादू कातकरी.

इथं मला आपल्यालाच बोलायचंय. साडेबारा टक्के मिळाले ते ज्यांची जमीन कागदावर होती त्यांना. कातकऱ्याकडे सातबारा होता कुठे? हुतात्म्यांच्या यादीत नाग्याचं नाव आपण अभिमानानं वाचतो. पण त्याच्या जातभाईंच्या वाडीखालची जमीन त्यांच्या नावावर व्हावी म्हणून आपण कितीदा तहसील गाठलं? मी तरी एकदाही नाही.

संध्याकाळी जासईला आहे. उद्या पागोट्याचा कार्यक्रम उरकला की चिरनेरच्या बाजूच्या कातकरीवाडीवर जायचं ठरवलंय, तिथल्या घरांचे कागद काय आहेत ते बघायला. गाडीत तीन जागा आहेत. कोण येतंय?