शालेय मुलांचे कर्णरोग आणि श्रवणतपासणी (कर्जत-खालापूर)

कान फुटणे, पडद्यामागे पाणी साचणे, मळ घट्ट बसणे आणि जन्मजात बहिरेपणा हे शाळकरी वयातले मुख्य कर्णविकार. पोशीर, पेज आणि उल्हास या नद्यांच्या कर्जत तालुक्यात आणि शेजारच्या खालापुरात त्यांचा विचार पाऊस, वाडी आणि वीटभट्टी वगळून करता येत नाही.

घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी लहान मुलांत आखूड व आडवी असते. सर्दीचा संसर्ग तिच्यातून सहज कानात शिरतो, पू साठतो, पडदा फाटतो आणि कान वाहू लागतो. चुलीचा धूर, दाटीचे घर आणि अपुरे पोषण यांनी धोका वाढतो. फाटक्या पडद्याने ओढ्यात डुंबले की बरा होत आलेला कान पुन्हा वाहतो. कान ठणकला की लसूण घालून कोमट केलेले तेल सोडण्याची रीत अजून घरोघर आहे. पडदा फाटलेला असेल तर ती घातक ठरते. स्वच्छ कापसाच्या वातीने कान वारंवार कोरडा करणे, डॉक्टरांनी दिलेले थेंब घालणे आणि आंघोळीत पाणी जाऊ न देणे, एवढ्याने बरेच कान सुकतात. मात्र घाण वास, कानामागे सूज, वाकडा झालेला चेहरा किंवा तापासह तीव्र डोकेदुखी दिसली तर एक दिवसही थांबू नये. हा रोग हाड पोखरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

चार टक्क्यांहून अधिक मुलांचे कान असे जुनाट वाहत असतील, तर तो तातडीने हाताळण्याचा सार्वजनिक आरोग्यप्रश्न, असे जागतिक आरोग्य संघटना मानते.

वाहणारा कान निदान दिसतो. पडद्यामागे साचलेले पाणी मात्र सहसा दुखत नाही. त्या मुलाला आवाज दबून येतो, आणि सगळ्यांना तसेच ऐकू येत असणार असे त्याला वाटते. हाक मारली तरी वळत नाही, श्रुतलेखनात अक्षरे गाळते, आणि वर्गात त्याच्यावर ‘लक्ष नसलेले’ असा शिक्का बसतो. हा अन्याय थांबवता येतो, आणि तपासणीची खरी गरज इथेच आहे.

राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2007 मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला झाला. आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. मध्यकर्णाचा दाह आणि श्रवणदोष त्याच्या यादीत आहेत. यंत्राने तपासताना प्रत्येक कानाला 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झचे स्वर सुमारे 20 डेसिबलला ऐकवतात.

यासाठी खोली शांत हवी. कान वाहतात पावसाळ्यात, पण तेव्हा पत्र्यावर कोसळणाऱ्या सरींत तो मंद स्वर ऐकू येणे अशक्य. दिवाळीनंतर शांतता मिळते, तोवर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे आणि कोळसा पाडायला निघालेली असतात. मुलेही सोबत जातात. म्हणजे गणपती ते दिवाळी हीच इथली सोयीची वेळ, आणि पथकाचे वेळापत्रक तिच्याभोवती बांधायला हवे.

पुढचा प्रवास अधिक अवघड असतो. पहिला टप्पा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, पुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय. श्रवणयंत्र व वाचोपचारांसाठी 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्र्याला आहे: कर्जत लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वे. आईबापांची त्या दिवसाची मजुरी बुडते. आणि ही फेरी एकदाच करून भागत नाही, कारण मूल वाढते तसा कान वाढतो आणि श्रवणयंत्राचा कानातला साचा पुन्हा पुन्हा नव्याने घ्यावा लागतो.