नजरेत बसलेले शब्द

दादर टीटीकडून परळच्या दिशेने चालत निघाले की थोड्याच वेळात हिंदमाता लागते. एका चित्रपटगृहावरून या चौकाला नाव पडले. आता तो मुंबईभर माहीत आहे तो साड्यांच्या दुकानांमुळे आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यामुळे. इथल्या बसथांब्यावर आईचे बोट धरून उभे असलेले पाच वर्षांचे एखादे मूल पाहावे. बस अजून लांब असते, तोच ते ओरडते, ‘आपली आली!’ बसच्या कपाळावरची पाटी त्याने ओळखलेली असते. पण त्याच मुलाला शाळेत ‘दादर’मधला द दाखव म्हटले, तर ते गोंधळून जाते.

मग त्याने ती पाटी वाचली असे म्हणायचे की नाही? हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. पाश्चात्त्य देशांत यावरून शंभरहून अधिक वर्षे वाद चालू आहे आणि आपल्या पहिलीच्या वर्गाशी त्याचा थेट संबंध आहे.

सुरुवात एका प्रयोगशाळेपासून करू. जर्मनीतील लाइप्झिग येथे व्हुंट या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जेम्स मॅकीन कॅटेल हा अमेरिकन विद्यार्थी काम करीत होता. सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरती अक्षरे आणि शब्द दाखवायचे आणि माणसाला ते ओळखायला किती वेळ लागतो हे मोजायचे, असे त्याचे प्रयोग होते. १८८६च्या सुमारास त्याने जे निष्कर्ष मांडले, त्यांतला एक लोकांना फार चमत्कारिक वाटला. ओळखीचा छोटा शब्द ओळखायला जवळजवळ एका सुट्या अक्षराइतकाच वेळ लागतो! याचा अर्थ आपण अक्षरामागून अक्षर जोडीत शब्दापर्यंत पोहोचत नाही, शब्द एकदम नजरेत येतो.

पुढे शिक्षणक्षेत्राने या निष्कर्षावरून उडी मारली. शब्द जर एकदम दिसत असेल, तर मुलांना अक्षरे घोटायला लावायचीच कशाला? सरळ शब्दच दाखवावेत. अक्षरांच्या घोकंपट्टीविरुद्ध अमेरिकेत कॅटेलच्या आधीपासूनच बोलले जात होते, तिला आता प्रयोगशाळेचा आधार मिळाला. यात एक गोष्ट मात्र नजरेआड झाली. कॅटेलने मोजमापे घेतली होती ती अनेक वर्षे वाचन केलेल्या प्रौढांची. पोहण्यात तरबेज असलेला माणूस हातपायांचा विचार करीत नाही, म्हणून नवशिक्याला हातपाय हलवायला शिकवू नये, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

१९३६ साली इलिनॉय विद्यापीठाच्या एडवर्ड डॉल्च यांनी २२० इंग्रजी शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. मुलांच्या पुस्तकांतला निम्म्याहून अधिक मजकूर याच शब्दांनी भरलेला असतो, तेव्हा मुलाने ते पाहताक्षणीच ओळखायला हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. या यादीत नामे नाहीत. ती त्यांनी वेगळी काढली. उरतात ती सर्वनामे, अव्यये, विशेषणे आणि रोजची क्रियापदे, म्हणजे ज्यांचे चित्र काढता येत नाही असे शब्द. यांना आपण ‘नजरशब्द’ म्हणू. इंग्रजीत त्यांची निकड का भासली हे उघड आहे. ‘वन’ हा शब्द ओ-एन-ई असा लिहायचा, ‘सेड’मध्ये ए आणि आय घालायचे, उच्चारावरून मुलाने वाचायचे तरी कसे?

योगायोग असा, की याच १९३६ साली हिंदमातापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, दादरच्या हिंदू कॉलनीत, ताराबाई मोडक यांनी शिशुविहार सुरू केले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण एकाच प्रश्नाची दोन टोके म्हणून त्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

ताराबाई राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या होत्या. तिथल्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी मॉंटेसरी पद्धतीचे काम केले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. दादरला आल्यावर त्यांच्यापुढे दोन प्रकारची मुंबई होती. हिंदू कॉलनीत शिकलेला पांढरपेशा मध्यमवर्ग, तर हिंदमातापलीकडे परळ-लालबागमध्ये गिरण्या आणि चाळी. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तिथून १९५७मध्ये कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. परदेशी बनावटीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया अशा परिसरातल्या वस्तूच साधने झाल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांकडे नेऊ, असा विचार करून तिथे अंगणवाडी आणि कुरणशाळा उभ्या राहिल्या. हा इतिहास बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतो. वाचनाच्या दृष्टीने त्यामागची मॉंटेसरी परंपरा काय सांगते, याची चर्चा मात्र कमी होते.

मारिया मॉंटेसरी यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात रोममधल्या वर्गाची हकिकत दिली आहे. मुले आधी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज उच्चारीत. हे पुरेसे झाल्यावर बाईंनी एक खेळ मांडला. टेबलावर खेळणी, आणि टोपलीत त्यांच्या नावांच्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या. मुलाने चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि बरोबर नाव सांगितले की ते खेळणे घेऊन खेळायचे. झाले भलतेच. मुलांनी खेळण्यांकडे पाठ फिरवली आणि एकामागून एक चिठ्ठ्याच मागू लागली! त्यानंतर आल्या आज्ञेच्या चिठ्ठ्या. ‘दार लाव’ किंवा ‘पाणी आण’ अशा धर्तीचे काही लिहिलेले असायचे, आणि कुणी काही न बोलता मूल उठून ते काम करायचे. वाचलेले समजले की नाही याची याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

इथे क्रम ध्यानात घ्यावा. चिठ्ठी वाचण्याआधी मुलाच्या हाताला आणि कानाला अक्षरे ओळखीची झाली होती. शिवाय इटालियन भाषेचे लेखन आपल्यासारखेच बरेचसे उच्चारानुसारी आहे.

मग मराठीत नजरशब्द हवेतच कशाला? देवनागरी जसे लिहावे तसे वाचावे, असे आपण अभिमानाने सांगतो. हे बरेचसे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. ‘मुलगा’ लिहितो, म्हणताना मात्र ल अर्धा होतो. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च यांचे उच्चार वेगळे आहेत, चिन्ह एकच. अनुस्वाराचे तर विचारूच नका. गंगा, पंचा, खंड, संत, अंबा या पाच शब्दांत एकच टिंब पाच निरनिराळ्या तऱ्हांनी उच्चारले जाते. मुलाला शब्द आधी ओळखीचा असेल तरच तो बरोबर म्हणता येतो.

याहून मोठी अडचण शिकवण्याच्या क्रमाची आहे. आधी स्वर, मग व्यंजने, मग बाराखडी, आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरे हा जुना क्रम. चौतीस व्यंजने गुणिले बारा, म्हणजे बाराखडीचीच चारशे आठ रूपे झाली. सारख्या वळणाची अक्षरे एकत्र घेणाऱ्या ‘गमभन’ पद्धतीने लिहिणे सोपे झाले, पण वाचायला मिळणारे शब्द ग, म, भ, न यांच्यातच कोंडले गेले. आता मुलांच्या कुठल्याही गोष्टीचे एक पान उघडा आणि ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’, ‘मी’, ‘तो’, ‘ती’, ‘काय’, ‘म्हणाला’, ‘त्याने’, ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘मध्ये’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. शेवटचे पाच जोडाक्षरांचे आहेत. रीतसर क्रमाने गेल्यास मूल त्यांच्यापर्यंत पोहोचते ते वर्षाच्या अखेरीस. तोवर साधी सरळ गोष्ट त्याच्या हाती पडतच नाही. म्हणून मराठीत २२० शब्दांच्या यादीची गरज नाही, पण अशा वीस-पंचवीस शब्दांची आहे, असे माझे मत आहे.

ही अडचण काल्पनिक नाही. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००७) असे दिसले, की अक्षररूपे आत्मसात होण्याचे काम चौथीपर्यंत चालूच असते. वाडा तालुक्यातील मराठी आणि यादगीरमधील कन्नड शाळांचा जो दीर्घ अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, त्यातही अक्षरांच्या सरावात वेळ सरतो आणि अर्थासाठी वाचणे मागे पडते, हेच चित्र पुढे आले.

पण म्हणून डोळे मिटून अमेरिकेची वाट धरावी असेही नाही. तिथे नुसते शब्द दाखवण्याचा अतिरेक झाला आणि १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांच्या पुस्तकाने त्याविरुद्ध मोठीच राळ उडवली. हिंदमाताच्या बसथांब्यावरच्या मुलाविषयी बोलायचे तर १९८४ सालचा एक प्रयोग अधिक उपयोगी आहे. मेसनहायमर, ड्रम आणि एहरी या संशोधकांनी रस्त्यावरचे फलक झटकन ओळखणारी तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. मग त्यांना पेप्सीचा फलक दाखवला, पण पहिले अक्षर बदलून. बहुतेक मुलांना काहीही खटकले नाही, त्यांनी ‘पेप्सी’च सांगितले. ती अक्षरे पाहतच नव्हती. रंग, आकार, जागा यांवरून ओळखत होती. एहरी यांनी पुढे दाखवून दिले, की शब्द नजरेत पक्का बसतो तो चित्रासारखा नव्हे. त्यातले आवाज आणि त्यातली अक्षरे यांची मनात सांगड बसल्यावरच तो बसतो. म्हणजे नजरशब्द हा अक्षरओळखीला पर्याय नाही, तिच्यासोबत चालायचा आहे.

कोणते शब्द घ्यावेत याचे एक उत्तर न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांच्या वर्गात शोधले. १९६३ सालच्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी ते सांगितले आहे. मुलालाच विचारायचे, तुला आज कोणता शब्द हवा? तो जाड कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्या दिवशी ओळखता आला तर ठेवायचा, नाही तर कार्ड बाद. भीतीचे आणि मायेचे शब्द मुलांना एका नजरेत ओळखू येत. ‘भूत’ हा त्यांतलाच एक. परळच्या शाळेत जुलैमध्ये हे करून पाहिले, तर पहिल्या पाचांत ‘पाणी’ येईल यात मला शंका नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ‘गणपती’.

‘आहे’ आणि ‘नाही’ मात्र कुणी मूल मागणार नाही. ते मुलांनी मागितलेल्या शब्दांना जोडून द्यावे लागतात. ‘पाणी’, ‘पाणी आहे’, ‘पाणी नाही’ अशा तीन चिठ्ठ्या झाल्या की मूल वाक्य वाचू लागते. रिकामा आणि भरलेला तांब्या टेबलावर ठेवून चिठ्ठ्या लावायला सांगितल्या, तर मॉंटेसरी बाईंचा खेळ आपल्या वर्गात आलाच. अंगणात खडूने आखलेल्या घरांत हे शब्द लिहून लंगडी घालता येते. हजेरीच्या वेळी नावांच्या पट्ट्या मुलांनीच उचलून खिळ्याला अडकवाव्यात. मीनाचा ‘मी’ आणि ‘मी’ हा शब्द एकच आहे, हे मग कुणीतरी आपोआप ओरडून सांगते. अशा वेळी थांबून फळ्यावर दोन्ही लिहावे. अक्षर शिकवण्याची याहून चांगली संधी पुस्तकात मिळत नाही.

आणि बसथांब्यावरच्या त्या मुलासाठी एक पाटी करावी. बसच्या पाटीसारखीच काळ्या कागदावर, मोठ्या अक्षरांत, पण ‘दादर’ऐवजी ‘चादर’ लिहिलेली. ‘दादर’ म्हणून ते मोकळे झाले, तर अजून चित्रच पाहत आहे असे समजावे आणि दोन्ही पाट्या शेजारी ठेवून पहिल्या अक्षरावर त्याचे बोट न्यावे. आणि क्षणभर थांबून ‘ही कुठली बस?’ असे विचारून ते हसले, तर दुसऱ्या दिवशी ‘सादर’ची पाटी तयार ठेवावी.