केळीचे पान आणि पंक्तिभेद : दक्षिण भारतातील मेजवानीच्या परंपरेचा एक ऐतिहासिक शोध

प्रास्ताविक

मराठी घरांत जेवणाची वेळ झाली की आजही ‘पाने घ्या’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात समोर स्टीलची ताटे असतात. परंतु भाषेने जुन्या पानाची आठवण सोडलेली नाही. तमिळ भाषेतही ‘इलै’ म्हणजे पान, आणि ‘पान मांडले’ याचा अर्थ जेवण तयार आहे असाच होतो. दक्षिण भारतातील सणासुदीचे जेवण आणि केळीचे पान यांचा संबंध इतका दृढ झालेला आहे, की त्याला काही इतिहास असू शकतो हेच आपण विसरतो. या विषयावर जे लिहिले जाते ते बहुधा आरोग्य, पर्यावरण आणि ‘प्राचीन शास्त्र’ या तीन अंगांनी. पानावर पदार्थ कोठे वाढावा याची वर्णने विपुल आढळतात. त्या पानासमोर कोणी बसावे, कोणाशेजारी बसावे आणि जेवणानंतर ते पान कोणी उचलावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मध्यवर्ती मानला आहे.

पान आणि प्रदेश

आरंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संपूर्ण दक्षिण भारत परंपरेने केळीच्या पानावर जेवत आला, असे सरसकट विधान करता येत नाही. केळीला पाणी मुबलक लागते. त्यामुळे कावेरीचा त्रिभुज प्रदेश, ताम्रपर्णीचे खोरे, केरळ आणि कर्नाटकाची किनारपट्टी येथे केळीचे पान रोजच्या वापरात आले. उलट तेलंगणा आणि उत्तर कर्नाटकातील कोरड्या भागांत पळसाच्या पानांची पत्रावळ अधिक रूढ राहिली. महाराष्ट्रातही हीच विभागणी दिसते. कोकण व गोव्यात केळीचे पान आणि देशावर पळसाची पत्रावळ. म्हणजे ही सीमारेषा भाषेची नसून पावसाची आणि पाटपाण्याची आहे.

पान मांडण्याची रीत मात्र फार मोठ्या प्रदेशात एकसारखी आहे. पानाचे निमुळते अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावे, हा संकेत तमिळनाडू, केरळ आणि आपल्याकडेही पाळला जातो. यामागे व्यवहार आहे. मीठ, लोणचे, चटणी असे थोडे वाढायचे पदार्थ डावीकडच्या अरुंद भागात येतात आणि उजवा हात ज्या रुंद भागावर चालतो तेथे भात व भाज्या येतात. अग्रासह असलेल्या पानाला तमिळमध्ये ‘तलै वाळै इलै’ म्हणतात, मल्याळममध्ये ‘नाक्किला’. अग्र असलेले पान मानाचे. मधले तुकडे इतरांसाठी. एका मोठ्या पानाचे अनेक तुकडे होतात, अग्र एकच असते. मान देण्याघेण्याची सोय अशी निसर्गतःच पानात होती. केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजात दुहेरी पानावर जेवण्याचा मान प्राचीन राजाकडून मिळाला अशी परंपरा सांगितली जाते. पानाच्या एका घडीतून समाजातील स्थान सांगता येत होते, एवढे तरी यावरून स्पष्ट होते.

सर्वांत जुना पुरावा

ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांतील मानल्या जाणाऱ्या तमिळ संघम् वाङ्मयात पानावरील जेवणाचे उल्लेख आहेत, आणि ते आजच्या समजुतीला धक्का देणारे आहेत. ‘पुरनानूरु’ या संग्रहातील 168 क्रमांकाची कविता पिट्टन कोट्रन या डोंगराळ मुलखाच्या नायकाची स्तुती करते. तेथील कुरवर लोक रानडुकरांनी उकरलेल्या जमिनीत बारीक धान्य पेरतात, हरणाच्या मांसाचा वास लागलेल्या न धुतलेल्या मडक्यात रानातील जनावराचे दूध ओततात, चंदनाच्या लाकडांवर ते धान्य शिजवतात आणि केळीच्या रुंद पानावर सर्वांना वाटून देतात. ‘पेरुंपाणाट्रुप्पडै’ या दीर्घकाव्यात सागाच्या पानावर अन्न वाढल्याचा उल्लेख येतो.

या उल्लेखांचे महत्त्व मोठे आहे. केळीच्या पानावरील जेवण आपल्याला प्रथम भेटते ते देवळाच्या प्रांगणात किंवा अग्रहारात नव्हे, तर डोंगरातल्या शिकारी लोकांच्या अंगणात. तेथे तांदूळ नाही, सोवळे नाही, शाकाहार नाही. आहे ते वाटून खाणे. पानाला शुद्धाशुद्धतेचा अर्थ नंतर चिकटला. धातूचे किंवा मातीचे भांडे विटाळते, ते घासावे किंवा फोडावे लागते. पान एकदाच वापरले जाते, म्हणून त्यावर पूर्वीचे उष्टे असू शकत नाही. स्पर्शास्पर्शाचे नियम जसजसे कडक झाले तसतसे हे टाकाऊ पात्र अधिकाधिक सोयीचे ठरले असावे, असे अनुमान करता येते.

या अनुमानाला चौदाव्या शतकातील एका परकीय साक्षीचा आधार मिळतो. इब्न बतूता 1340 च्या दशकात मलबारात फिरला. मुसलमानांनी आपल्या भांड्यांत जेवू नये असा तेथील हिंदूंचा नियम होता, असे तो सांगतो. ज्या गावात मुसलमानाचे घर नसेल तेथे हिंदू लोक प्रवाशासाठी अन्न शिजवत, केळीच्या पानावर वाढत आणि कालवण त्यावर ओतत; उरलेले कुत्री व पक्षी खात. येथे पान एकाच वेळी दोन कामे करते. अतिथीला अन्न मिळते आणि यजमानाचे भांडे बाटत नाही. पाहुणचार आणि दुरावा एकाच पानावर वाढले गेले. या परंपरेचे सार सांगणारी याहून नेमकी साक्ष प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

तंजावरची अन्नछत्रे

मराठी वाचकाला जवळचा असा एक दुवा तंजावरचा आहे. भोसले घराण्याने 1670 च्या दशकापासून 1855 पर्यंत तंजावरवर राज्य केले. सरफोजी दुसरे यांच्या काळातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रकाशित केलेला आहे. (सांबार हा पदार्थ संभाजी महाराजांच्या नावावरून आला ही कथा मात्र लोकप्रिय असली तरी तिला समकालीन पुराव्याचा आधार नाही.) आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत ती रामेश्वरच्या यात्रामार्गावरील अन्नछत्रे. 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी या छत्रांचे वर्णन केले आहे. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सर्व प्रवाशांना, तसेच जोगी, जंगम, बैरागी यांना शिजवलेला भात दिला जाई. शिजवलेले नको असेल त्यांना कोरडा शिधा मिळे. आणि मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे काय याची दवंडी दिली जाई.

हे वर्णन उदात्त आहे यात शंका नाही. तथापि कोरड्या शिध्याची तरतूद बोलकी आहे. दुसऱ्याच्या हातचे शिजलेले ज्यांना चालत नव्हते त्यांच्यासाठी ती सोय होती. राजाने कोणालाही उपाशी ठेवले नाही. पण सर्वांना एका पंगतीला बसवण्याचा आग्रहही धरला नाही. अन्नदान आणि सहभोजन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद आपले इतिहासलेखन अनेकदा विसरते.

पंगतीचा संघर्ष

केरळातील ओणमच्या ‘सद्ये’त या परंपरेचा अंतर्विरोध ठळकपणे दिसतो. परिप्पु व तूप, मग सांबार, पायसम्, रसम्, ताक अशा क्रमाने चालणारे हे जेवण महाबळीच्या स्वागतासाठी असते. महाबळीच्या राज्यात सर्व माणसे समान होती अशी लोकश्रद्धा आहे. आपल्याकडे बलिप्रतिपदेला त्याच राजाची आठवण काढली जाते आणि महात्मा फुल्यांनी तिला नवा अर्थ दिला. परंतु समतेच्या राजासाठी मांडलेल्या पानांवर प्रत्यक्षात समता नव्हती. नंबूदिरी, नायर, ईळव, पुलय हे एका ओळीत बसणे अकल्पनीय होते. त्रावणकोर संस्थानात सरकारी खर्चाने चालणाऱ्या ‘ऊट्टुपुरा’ म्हणजे भोजनशाळा ब्राह्मणांसाठी होत्या; त्यांचा खर्च मात्र सर्व जातींच्या करातून होत असे.

29 मे 1917 रोजी कोचीन संस्थानातील चेराई या गावी के. अय्यप्पन या तरुण पदवीधराने ‘मिश्रभोजनम्’ घडवून आणले. अय्यप्पन स्वतः ईळव, म्हणजे सवर्णांच्या दृष्टीने अस्पृश्यच. तरीही ईळव समाज पुलयांना आपल्यापेक्षा खालचे मानीत असे. अय्यप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुलयांसह बसून अन्न घेतले. प्रतिक्रिया तीव्र झाली, आणि ती सवर्णांकडून येण्याआधी स्वजातीकडून आली. सहभागी कुटुंबांवर बहिष्कार पडला, अय्यप्पन यांना ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवण्यात आले. त्यांनी ते नाव अभिमानाने स्वीकारले. नारायण गुरूंनी त्यांची पाठराखण केली आणि पुढे ते ‘सहोदरन’ म्हणजे ‘भाऊ’ या नावाने ओळखले गेले. आपल्याकडे 1849 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेने हेच पाऊल गुप्तपणे टाकले होते. चेराईचे भोजन उघड्यावर झाले, हा फरक लहान नाही.

तमिळ प्रदेशात हा संघर्ष एका शाळेच्या भोजनगृहात उफाळला. क्रांतिकारक व्ही. व्ही. एस. अय्यर यांनी 1922 मध्ये तिरुनेलवेलीजवळ चेरन्महादेवी येथे राष्ट्रीय शिक्षणासाठी गुरुकुल काढले. त्याला तमिळनाडू काँग्रेसचे अर्थसाहाय्य होते. तेथे दोन ब्राह्मण विद्यार्थ्यांना पालकांच्या आग्रहामुळे वेगळे जेवण दिले जाते ही बाब 1924 च्या सुमारास बाहेर आली, आणि पी. वरदराजुलु नायडू व ई. व्ही. रामस्वामी (पेरियार) यांनी ती लावून धरली. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत दोन पंगती का, हा त्यांचा प्रश्न होता. दोन मुलांपुरता अपवाद राहू द्यावा, यापुढे असे विद्यार्थी घेऊ नयेत, अशी तडजोड गांधीजींनी सुचवली. ती कोणालाच पटली नाही. अय्यर यांनी राजीनामा दिला आणि जून 1925 मध्ये पापनाशम् येथील धबधब्यात मुलीला वाचवताना त्यांचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर 1925 मध्ये कांचीपुरम् परिषदेत पेरियार काँग्रेसमधून बाहेर पडले. त्याचे तात्कालिक कारण जातवार प्रतिनिधित्वाचा ठराव हे होते. पण दोन मुलांच्या वेगळ्या पानांनी त्या निर्णयाची भूमी तयार केली होती. अय्यर यांच्यावर अन्याय झाला असे काही अभ्यासक मानतात. व्यक्ती म्हणून ते सनातनी नव्हते हे खरेच. तथापि पालकांच्या इच्छेपुढे संस्थेचे तत्त्व नमते, तेव्हा प्रश्न व्यक्तीच्या सद्भावाचा उरत नाही.

शहरांतील उपाहारगृहांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला पान मिळू लागले. तरीही ‘ब्राह्मण हॉटेल’ अशा पाट्या दीर्घकाळ टिकल्या. चेन्नईत अशी पाटी काढावी म्हणून पेरियार यांच्या अनुयायांनी 1957 मध्ये आंदोलन केले. मुंबईत माटुंग्याला ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावरचे जेवण गिरणगावातील आणि कचेऱ्यांतील माणसाला ओळखीचे झाले. शेजारी कोण बसला आहे हे तेथे कोणी विचारीत नसे. विधिनिषेध जे करू शकले नाहीत ते गर्दीने केले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण देवळांत तसे घडले नाही. गुरुवायूर येथील केवळ ब्राह्मणांसाठीच्या भोजनाविरुद्ध 1980 च्या दशकाच्या आरंभापर्यंत चळवळ करावी लागली. तिच्यात अग्रभागी असलेले वृद्ध स्वामी आनंदतीर्थ हे मूळचे तलश्शेरीच्या कोंकणीभाषक गौड सारस्वत कुटुंबातील आणि नारायण गुरूंचे शिष्य होते.

उचललेले पान

जेवण आटोपल्यावर पान दुमडले जाते. आपल्याकडे वळवून दुमडले तर समाधान व पुन्हा येण्याची इच्छा, बाहेरच्या दिशेने दुमडले तर अशुभ प्रसंग, असा संकेत अनेक ठिकाणी आहे. काही समाजांत तो उलटही आढळतो. दुमडलेले पान ज्याने उचलायचे तो मात्र या संकेतात कोठेच नाही. उष्टे काढणे हे काम पंगतीबाहेरच्या माणसाचे होते, आणि त्यातले उरलेले अन्न हा कित्येकदा त्याचा मोबदला मानला गेला.

या उष्ट्या पानाचा प्रश्न एकविसाव्या शतकात न्यायालयापुढे आला. कर्नाटकातील कुक्के सुब्रह्मण्य येथे ब्राह्मणांनी जेवून सोडलेल्या पानांवरून लोळण घेण्याची ‘मडे स्नान’ नावाची प्रथा होती; 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तमिळनाडूत करूरजवळ नेरूर येथे सदाशिव ब्रह्मेंद्रांच्या समाधीस्थानी अशीच प्रथा 2015 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने थांबवली. मे 2024 मध्ये त्याच न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ती भक्ताच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग मानून परवानगी दिली. तेथे सर्व जातींचे लोक जेवतात आणि सर्व जातींचे लोक लोळण घेतात, म्हणून भेदभाव नाही, असा युक्तिवाद करण्यात आला होता. मार्च 2025 मध्ये खंडपीठाने तो निर्णय रद्द केला. कोणाचे पान आणि कोणाचे अंग, हा प्रश्न जातीने सुटला तरी मानवी प्रतिष्ठेने सुटत नाही, हा या वादाचा गाभा होता. ‘पुरनानूरु’तील कुरवरांनी रुंद पानावर जे वाटून दिले ते अन्न होते, नेरूरच्या खटल्यात ज्यावर खल झाला ते अन्न संपल्यानंतरचे पान होते.