कानाचे वीस मार्क

ज्यांना हेडफोन लावून बसायला वेळ नाही, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच आहे. ऑडिओत सुरुवातीला जी कुकरची शिट्टी ऐकू येते ती आमच्याच घरची. मनीषनगरात फ्लॅटमध्ये बसून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे एवढं चालायचंच.

तारीख होती ८ जून २०१९. शनिवार. दुपारी दहावीचा निकाल लागला आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एकदम शांतता पसरली. एरवी निकालाच्या दिवशी जिन्यात पेढ्याचे डबे फिरतात. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मुलाची आई दार लावून आत बसली होती. पोरगा इंग्रजीत नापास. १०० पैकी ३१.

तो एकटा नव्हता. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला. आणि आपला नागपूर विभाग? ६७.२७ टक्के. राज्यात सगळ्यात खाली. कोकण ८८.३८ टक्क्यांनी सगळ्यात वर. दुसऱ्या दिवशी ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच चर्चा, की विदर्भातली पोरं अभ्यास करत नाहीत, मोबाइलवर पडून असतात, वगैरे. पण एका वर्षात लाखो पोरं एकदम आळशी कशी होतील, हा साधा प्रश्न फार कमी जणांनी विचारला.

कारणं एकाहून जास्त होती. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, पुस्तकं नवी होती. पण एक बदल मोठा होता. त्याआधी भाषेचा पेपर ८० मार्कांचा असायचा आणि उरलेले २० मार्क शाळेच्या हातात असायचे. तोंडी परीक्षा, श्रवण, संभाषण, अंतर्गत मूल्यमापन. २०१९ च्या बॅचसाठी हे २० मार्क काढले आणि अख्खा पेपर १०० चा लेखी केला.

आता गणित बघा. पास व्हायला ३५ लागतात. शाळेने २० पैकी १८ दिले असतील, तर लेखी ८० पैकी फक्त १७ काढायचे. ते २० गेले की पूर्ण ३५ कागदावरच काढावे लागतात. खालच्या मजल्यावरच्या पोराला चार मार्क कमी पडले. आदल्या वर्षी जन्मला असता तर त्याच अभ्यासावर आरामात पास झाला असता.

मग ते २० मार्क म्हणजे खिरापत होती का? बऱ्याच जणांचं उत्तर ‘हो’ असंच होतं, आणि काढून टाकण्यामागे हाच राग होता. मी माझ्यापुरतं सांगतो. माझ्या दहावीची इंग्रजीची तोंडी परीक्षा मला लख्ख आठवते, कारण ती साधारण चाळीस सेकंद चालली. सरांनी रोल नंबर विचारला, माझं नाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. मी तीन वाक्यं बोललो. सर म्हणाले, ‘जा, पुढच्याला पाठव.’ श्रवण म्हणून काही ऐकवलं? काही नाही. मार्क मात्र भरघोस. तेव्हा मला आनंद झाला होता. आज वाटतं, मला इंग्रजी ऐकून कळतं की नाही हे माझ्या शाळेला कधी कळलंच नाही. मलाही नाही.

ही काही आजची गोष्ट नाही. थोडं मागे जाऊ.

नागपुरात इंग्रजी शिकवणारी शाळा इंग्रजांचं राज्य येण्याआधी आली. १८४६ मध्ये. तेव्हा इथे भोसल्यांची गादी होती. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. शाळा काढणारा माणूस म्हणजे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. हिस्लॉप कॉलेजवाला तोच, पण कॉलेज १८८३ मधलं, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी निघालेलं. हा माणूस धर्मप्रचारक होताच, शिवाय दगड-जीवाश्मांचा वेडा होता. १८६३ मध्ये टाकळघाटकडची दगडी वर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात बुडून गेला. त्याच्यावर एक वेगळा भाग करायचाय, आज नको.

आपल्या मुद्द्यापुरतं एवढंच, की अशा शाळेत इंग्रजी आधी कानावर पडायची. समोर ती भाषा बोलणारा माणूस उभा असायचा. तो विचारायचा, पोराला कळलं तर ते उत्तर द्यायचं. परीक्षा म्हणजे तेच.

मग १८५७ उजाडलं. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यांचं पहिलं मोठं काम शिकवणं नव्हतं, परीक्षा घेणं होतं. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. आपल्या बाजूची, म्हणजे मध्य प्रांतातली पोरं त्या काळात कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षेला बसायची. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९२३ उजाडावं लागलं.

शेकडो मैलांवर बसलेला परीक्षक तुमचा कान कसा तपासणार? तो कागदच तपासणार. उतारा वाचा, अर्थ लिहा, भाषांतर करा, व्याकरण चालवा. जे टपालाने पाठवता येतं तेच इंग्रजी मोजलं गेलं. आणि जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाठ केली ती याच वळणावर. त्या पुस्तकाला मी नावं ठेवणार नाही. त्याने हजारो मराठी माणसांना नोकऱ्या मिळवून दिल्या. पण ते डोळ्यांचं आणि हाताचं पुस्तक होतं.

आणि हो, ग्रेस मार्कसुद्धा जुनेच आहेत बरं का. १८५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा झाली. दोघेच पदवीधर झाले, त्यातले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. दोघेही एका विषयात थोडक्यात हुकले होते, आणि विद्यापीठाने ग्रेस देऊन त्यांना पास केलं. म्हणजे ‘वंदे मातरम्’ लिहिणारा माणूससुद्धा वरच्या मार्कांवर निघालेला. पुढच्या वेळी कुणी ‘हल्लीच्या पोरांना फुकट मार्क मिळतात’ म्हटलं की हे सांगा.

आता माझ्या आजोबांकडे येतो. आजोबा मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले होते, नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं तेव्हा. पुन्हा बसले नाहीत. आयुष्यभर ‘आपल्याला इंग्रजी येत नाही’ असंच सांगायचे. पण घरात त्यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात पहिली कसोटी झाली, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर, न्यूझीलंडविरुद्ध. तिकीट कुठलं परवडतंय. आजोबा ट्रान्झिस्टरला कान लावून इंग्रजी कॉमेंट्री ऐकायचे आणि भोवती जमलेल्या पाच-दहा जणांना वऱ्हाडीत सांगायचे, कोण आउट झाला, कसा झाला, चेंडू कुठे पडला. ती मॅच आपण हरलो. पण आजोबांचं भाषांतर कुठे चुकलं असं कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

या माणसाला इंग्रजी येत होतं की नव्हतं? ऐकून येत होतं, लिहून येत नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या मॅट्रिकने त्यातली एकच मोजली. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, अडलेला शब्द दोनदा बघता येतो. ऐकताना वाक्य निघून जातं. शब्द एकमेकांना चिकटून येतात, कुठे तुटतात ते आपणच ठरवायचं. उलट, ऐकताना आवाजाचा चढउतार मदतीला असतो, तो छापील उताऱ्यात नसतो. त्यामुळे एकात हुशार तो दुसऱ्यात हुशार असेलच असं नाही.

मग जगात कुणी कान मोजायचा प्रयत्न केला का? केला. केंब्रिजने १९१३ मध्ये परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. बारा तासांची! त्यात निबंध, भाषांतर, उच्चारशास्त्र होतंच, पण श्रुतलेखन आणि प्रत्यक्ष संभाषणही होतं. पहिल्या वर्षी उमेदवार बसले तीन. पास झाले शून्य. म्हणजे निकालाच्या बाबतीत नागपूर विभाग त्यामानाने बराच बरा.

खरा फरक पडला तो टेपरेकॉर्डरने. एकच आवाज, एकाच वेगात, हजार जणांना ऐकवता येऊ लागला. १९६४ मध्ये अमेरिकेची टोफेल सुरू झाली तेव्हा त्यात ऐकण्याचा भाग पहिल्यापासून होता. आज आयईएल्ट्सला बसणारी आपली पोरं हेडफोन लावून जे करतात त्याची मुळं तिथे.

माझी एक मामेबहीण न्यू जर्सीत असते. लेकीला शाळेत घालताना तिने फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ या रकान्यात मराठी लिहिलं, अभिमानाने. त्यावरून शाळेने मुलीची इंग्रजीची चाचणी लावली आणि बहीण चिडली, की माझी मुलगी फाडफाड बोलते, हिला काय तपासता? तिथल्या कायद्याप्रमाणे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची दरवर्षी चार अंगांनी चाचणी होते: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. न्यू जर्सीत ‘विडा’ नावाच्या गटाची परीक्षा वापरतात (पानाचा नव्हे). मूल आवाज ऐकतं आणि चित्र निवडतं, त्यामुळे लिहिता आलं नाही तरी कान तपासला जातो. मला हे फार आवडलं. पण एकूण गुणांत वजन बघा: वाचन ३५ टक्के, लेखन ३५, ऐकणं १५, बोलणं १५. तिथेही कान धाकटाच.

परत घरी येऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हाचे शिक्षणमंत्री आशिष शेलार यांनी ८०-२० पुन्हा आणत असल्याचं जाहीर केलं. २०२० चा राज्याचा निकाल ९५.३० टक्के, नागपूर ९३.८४. त्या वर्षी लॉकडाउनमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि सरासरीने मार्क दिले गेले, हेही लक्षात ठेवा. तरी ६७ वरून ९३! एवढ्यात नागपूरची पोरं हुशार झाली म्हणायची, की आदल्या वर्षी ती ढ नव्हतीच?

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू चुकल्या. मार्क काढणाऱ्यांनी म्हटलं की ही खिरापत आहे, बंद करा. परत आणणाऱ्यांनी म्हटलं की पोरांचं नुकसान होतंय, द्या परत. ते मार्क ज्या गोष्टीचे होते ती गोष्ट मुलाला येते का, हे बघायला हवं, असं ठणकावून सांगणारं माझ्या तरी कानावर कुणी आलं नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकून पोराला एक मिनिटाचं बोलणं कळतं का, एवढंच तपासायचं आहे.

वाचनाचं निदान कुणीतरी बघतं. ‘प्रथम’ची ‘असर’ पाहणी गावोगावी घरी जाऊन मुलाला एकेकट्याने वाचायला लावते. कॅपिटल अक्षरं, लहान अक्षरं, शब्द, मग सोपी वाक्यं. वाचता आलं तर अर्थ विचारतात, आणि तो मुलाने आपल्या भाषेत सांगितला तरी चालतो. २०१६ मध्ये ग्रामीण भारतातल्या आठवीच्या ४५.२ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली. निम्म्याहून कमी. आकडा वाईट आहे, पण तो खरोखर पोरासमोर बसून काढलेला आहे, रोल नंबर विचारून नाही. तसं ऐकण्याचं का होऊ नये? शिक्षकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि पोराने काय कळलं ते मराठीत सांगायचं. मराठीत एवढ्यासाठी, की मग त्याला इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून त्याच्या कानाचे मार्क कापले जाणार नाहीत.

या भागासाठी मी हेच करून बघितलं. खालच्या मजल्यावरचा तो पोरगा आता मोठा झालाय. त्याच जुलैच्या पुरवणी परीक्षेत त्याने इंग्रजी सोडवलं होतं. आता त्याला मिहानमधल्या एका कंपनीत लागायचंय, आणि तिथे पहिली फेरी फोनवर असते. त्याला गच्चीवर बोलावलं आणि मोबाइलवर एका इंग्रजी कार रिव्ह्यूचा दीड मिनिटाचा तुकडा ऐकवला, स्क्रीन उलटी ठेवून.

‘सांग, काय म्हणून राहिला तो?’

त्याने सांगितलं. गाडीचं इंजिन चांगलं आहे पण मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे टेकतात. डिक्की आधीच्या मॉडेलपेक्षा मोठी आहे. किंमत बघता दुसऱ्या कंपनीची घ्यावी असं तो म्हणतोय. सगळं बरोबर. एक चुकलं: ‘फिफ्टीन’ होतं, त्याने पन्नास ऐकलं.

मग तोच मजकूर मी टाइप करून त्याला वाचायला दिला. तिसऱ्या ओळीपर्यंत गेला आणि थांबला. ‘भाऊ, हे वाचताना नाही जमून राहिलं बघा.’

मी म्हटलं, ते पंधरा-पन्नासचं पुन्हा ऐक. त्याने पुन्हा ऐकलं, हसला, मान हलवली. तिसऱ्यांदा लावायला हात पुढे केला तर मी म्हणालो, अरे, परीक्षेत एकदाच ऐकवतात.

‘मेट्रोत बी एकदाच सांगते नं बाई,’ तो म्हणाला, ‘मी काय आजपर्यंत चुकीच्या स्टेशनवर उतरलो का?’